रास्त भाव, पण कुणाला?

'रास्त भाव' म्हटलं की आपल्याला रेशनचं दुकान आठवतं, म्हणजे घेणाऱ्याला परवडेल असा भाव. फेअर ट्रेडमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारतात: पिकवणाऱ्याला, विणणाऱ्याला, लाटणाऱ्याला हा भाव रास्त आहे का? या विषयावर इंदूरच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

*घरात आम्ही चौघं. सगळा किराणा फेअर ट्रेडचा घ्यायचा म्हटलं तर महिन्याचा हिशेब कोलमडेल. सुरुवात कुठून करावी?* (रामबाग)

सगळा किराणा बदलायचा विचार आधी सोडून द्या. त्या वाटेने गेलेली घरं तिसऱ्या महिन्यात जुन्या दुकानात परततात. महिन्याची यादी घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे एवढंच लिहा: माल तयार करणारा आणि आपण, यांच्या मध्ये किती हात आहेत?

काही वस्तू आधीच ठीक आहेत असं दिसेल. सांचीचं दूध सहकारी संघाचं आहे. गावातल्या संस्थेत फॅट आणि एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजून पैसे ठरतात. शेजारच्या गोठ्यातून थेट दूध घेत असाल तर तेही तितकंच सरळ आहे, त्यात बदलण्यासारखं काही नाही. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. तिथे लाटणारी बाई नोकर नसते, संस्थेची भागीदार असते. याच संस्थेची ससा ही कपडे धुण्याची पावडर आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणजे डिटर्जंट बदलायला काही खास मागवावं लागत नाही, दुकानदाराला सांगून ठेवलं की झालं.

बदलायला पहिल्यांदा घ्याव्यात त्या चार वस्तू: चहा, कॉफी, चॉकलेट आणि सुती कापड. यांची साखळी सर्वांत लांब असते आणि शेवटच्या टोकाला सर्वांत कमी पोचतं. दोन महिन्यांना एकच वस्तू बदला, आणि घरात आहे ते आधी संपवा. भरलेला डबा रिकामा करून नवा माल आणण्यात कुणाचंच भलं नाही.

*मोठ्या हौसेने फेअरट्रेडचा दार्जिलिंग चहा मागवला. दूध, आलं घालून उकळला तर पाणचट झाला. घरच्यांनी दोन दिवसांत पुन्हा जुना चहा आणला. किंमतही कितीतरी जास्त. आमचं काय चुकलं?* (विजय नगर)

चहा चुकीचा नव्हता, जोडी चुकली. आपल्याकडे रोज उकळतो तो सीटीसी, म्हणजे चिरडून, फाडून, गोळी केलेला चहा. त्याचा रंग आणि कडकपणा दुधाला पुरून उरतो. दार्जिलिंग बहुतेक ऑर्थोडॉक्स पद्धतीचा, वळलेल्या पानांचा असतो. तो उकळायचा नसतो. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा, कपाला दोन ग्रॅम पानं घाला, झाकण ठेवा आणि तीन मिनिटांनी गाळा. दूध घालू नका. आल्याचा चहा हवा असेल तर मागवताना 'आसाम सीटीसी' असंच शोधा. दार्जिलिंगचा डबा आता आणलाच आहे, तर तीन भाग सीटीसीला एक भाग ही पानं असं मिसळून संपवा. मात्र पानं गॅस बंद केल्यावर घाला आणि झाकून दोन मिनिटं मुरू द्या.

किंमत किलोवर बघितली की धसका बसतो, म्हणून कपावर काढा. कपाला अडीच ग्रॅम धरले तर किलोत ४०० कप होतात. नवा चहा किलोमागे ४०० रुपयांनी महाग असेल तर फरक कपाला एक रुपया पडतो. हा रुपया तुमच्या घराला झेपतो का, ते मग शांतपणे ठरवता येतं.

आता तो रुपया कुठे जातो, तेही सांगायला हवं. मळ्यातल्या मजुराची रोजची मजुरी राज्यात ठरते, पश्चिम बंगालमध्ये २०२३ साली ती दिवसाला २५० रुपये झाली. फेअरट्रेडमुळे ही मजुरी आपोआप वाढत नाही. वाढतो तो प्रीमियम, म्हणजे मालाच्या किमतीवर मिळणारी जादा रक्कम, आणि तो मजुरांनी निवडलेल्या समितीच्या खात्यात जातो. शाळेची फी, घराची डागडुजी, गॅस जोडणी, कशावर खर्च करायचा ते समिती ठरवते. आणि मळ्याने जेवढा चहा फेअरट्रेड म्हणून विकला, तेवढ्यावरच प्रीमियम मिळतो. मळा प्रमाणित आहे पण माल साध्या लिलावात गेला, तर त्या मालावर काही मिळत नाही. प्रमाणित माल विकला जाणं इतकं महत्त्वाचं आहे ते यामुळे.

देशातला अर्ध्याहून अधिक चहा आता मळ्यांत नाही, छोट्या बागायतदारांकडे होतो. ते हिरवं पान पानखरेदी कारखान्याला देतात आणि पान तासाभरात कोमेजायला लागत असल्यामुळे मिळेल तो भाव घेतात. छोट्या बागायतदारांचा स्वतःचा कारखाना असलेला चहा मिळाला, तर त्यावर कोणतीही खूण नसली तरी आम्ही तो आधी घेऊ.

*एका पुड्यावर बेडूक, दुसऱ्यावर हिरवं पान, तिसऱ्यावर हात वर केलेला माणूस आणि शेजारी बाण. सगळे म्हणतात आमचं फेअर. खरं कुठलं?* (सुदामा नगर)

प्रत्येक खूण एकाच प्रश्नाचं उत्तर देते. गोंधळ होतो तो एका खुणेकडून सगळी उत्तरं मागितल्याने.

काळ्या पाटीवर निळ्या-हिरव्या रंगात हात वर केलेली आकृती, ही फेअरट्रेड इंटरनॅशनलची खूण. हिच्यात दोन गोष्टी बांधलेल्या आहेत: बहुतेक मालाला किमान भाव आणि त्यावर प्रीमियम. खुणेशेजारी बाण असेल तर पुडा उलटून मागचा मजकूर वाचा. एकतर मालात इतर घटकही आहेत, किंवा तो 'मास बॅलन्स'ने आलेला आहे. मास बॅलन्स म्हणजे कारखान्याने १०० टन प्रमाणित पान घेतलं, ते इतर पानात मिसळलं, पण विकताना प्रक्रियेतली घट वजा करून तेवढाच माल या खुणेने विकला. तुमच्या पुड्यातलं पान नेमकं त्या शेतकऱ्याचं असेलच असं नाही, पैसे मात्र त्याला मिळालेले असतात. कोको, साखर, फळांचा रस आणि चहा यांच्यासाठी ही सवलत आहे, कॉफीला नाही.

डब्ल्यूएफटीओची (वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन) खूण वस्तूची नसते, संस्थेची असते. वेळेवर पैसे, बालमजुरी नाही, बायकांना समान दाम अशी दहा तत्त्वं संस्था पाळते की नाही ते तपासलेलं असतं. हस्तकलेच्या वस्तूंवर हीच जास्त दिसते.

बेडूक म्हणजे रेनफॉरेस्ट अलायन्स. शेतीची पद्धत, जंगल, कामगारांची सुरक्षितता यांची तपासणी तिच्यात आहे, किमान भावाची हमी नाही. भारतीय चहावर 'ट्रस्टी' ही खूण दिसते, तिचंही तसंच. इंडिया ऑर्गेनिक, जैविक भारत आणि पीजीएस या खुणा शेत कसं केलं ते सांगतात, शेतकऱ्याला किती मिळालं ते सांगत नाहीत. 'ऑर्गेनिक म्हणजे फेअर' ही गल्लत सर्वांत जास्त होते. सेंद्रिय कापडावरच्या जीओटीएस या खुणेमध्ये गिरणी आणि शिलाईच्या कामगारांचे निकष आहेत, कापूस पिकवणाऱ्याच्या भावाची हमी मात्र तिथेही नाही. आणि ही प्रमाणपत्रं नुसती पाहून सोडायची नाहीत: २०२० मध्ये खुद्द जीओटीएसनेच भारतातल्या २०,००० टन कापसामागची कागदपत्रं खोटी असल्याचं उघड केलं होतं.

'ऑर्गेनिक' असं खाद्यपदार्थावर छापायला एफएसएसएआयचे २०१७ चे नियम लागू होतात. नुसतं 'फेअरली ट्रेडेड', 'एथिकल', 'शेतकऱ्यांच्या हिताचं' असं खुणेशिवाय लिहिलेलं असेल तर तो जाहिरातीचा मजकूर समजा आणि विक्रेत्याला फ्लो आयडी, म्हणजे फेअरट्रेड प्रमाणपत्राचा क्रमांक, विचारा. तो फ्लोसर्ट या तपासणी करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर घातला की कंपनीचं नाव, माल आणि प्रमाणपत्र चालू आहे की निलंबित, हे समोर येतं. पुड्यावरचं नाव आणि तिथलं नाव जुळलं पाहिजे.

*धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाला माहेश्वरी घ्यायची आहे. दुकानात १,८०० लाही 'हँडलूम' मिळते आणि ६,००० लाही. विणकराला खरंच काही मिळतं अशी साडी कशी ओळखावी?* (लोकमान्य नगर)

आपल्या शहरासाठी हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. महेश्वर इथून ९० किलोमीटरच्या आसपास. परदेशी चहाची खूण तपासण्याआधी आपण इथे नीट वागलो तरी पुष्कळ.

आधी साडी हातमागाची आहे का ते पाहा. दुकानदाराला घडी पूर्ण मोडायला सांगा. एक, बुट्टीची मागची बाजू बघा. हातमागावर बुट्टीचा धागा विणकर हाताने फिरवतो, तो बुट्टीपुरताच राहतो. यंत्रमागावर धागा एका बुट्टीतून दुसरीत सलग जातो आणि मधला भाग नंतर कापतात, म्हणून मागे धाग्यांची आखूड टोकं टोचतात. बोट फिरवलंत की कळतं. दोन, काठ दोन्ही बाजूंनी बघा. 'बुगडी' म्हणतात तो माहेश्वरी काठ उलट-सुलट दोन्हीकडून नेसता येतो. तीन, साडी उजेडासमोर धरा. हातमागात आडव्या धाग्यांची दाटी कुठे किंचित कमी, कुठे जास्त दिसते, बहुधा जिथे आदल्या दिवशी काम थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केलं तिथे. सगळीकडे आरशासारखी एकसारखी असेल तर शंका घ्या. काठाजवळच्या बारीक छिद्रांवरच मात्र भरवसा ठेवू नका. कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची ती छिद्रं असतात आणि यंत्रमागावरही तशी पट्टी असते.

मग धागा. नेहमीच्या माहेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. स्वस्त नकलेत रेशमाच्या जागी पॉलिएस्टर येतं. पदराच्या सुट्या दशीतून एक उभा आणि एक आडवा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि आग लगेच विझते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आता १,८०० चा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरू या. दुकानाचा आणि मधल्या व्यापाऱ्याचा वाटा निम्मा, उरले ९००. रेशीम, सूत, जर, रंगणावळ मिळून ६०० धरले तर उरले ३००. साध्या काठाच्या साडीलाही मागावर तीन-चार दिवस जातात, शिवाय ताणा (उभे धागे) भरण्याचं काम वेगळं. म्हणजे दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. इतक्या पैशांत महेश्वरात कुणी माग चालवत नाही. याचा अर्थ एकतर ती हातमागाची नाही, किंवा कुणाची तरी मजुरी बुडाली आहे. दोन्ही वेळी ती साडी आपल्याला नको.

हँडलूम मार्क २००६ पासून आहे. लेबलवर क्रमांक असतो. पण ही खूण 'हातमागावर विणलं' एवढंच सांगते. मजुरीचं विचारायचं तर माणसालाच विचारावं लागतं. महेश्वरला गेलात तर तीन प्रश्न विचारा. माग कुणाचा आहे, विणकराचा की मास्टर विव्हरचा (मजुरीवर विणून घेणाऱ्याचा)? मजुरी साडी उतरल्यावर लगेच मिळते की साडी विकली गेल्यावर? आणि तिसरा, जो कुणी विचारत नाही: कांडी कोण भरतं? सुताच्या कांड्या भरण्याचं काम बहुतेक घरातल्या बायका करतात आणि ते विणकराच्या मजुरीत गृहीत धरलेलं असतं. त्यासाठी वेगळे पैसे देणारी संस्था सापडली की ओळखा, इथे हिशेब स्वच्छ आहे.

महेश्वरला रेहवा सोसायटी १९७८ पासून आणि विमेनवीव्ह ही संस्था २००३ पासून काम करते आहे. दोन्हीकडे माग प्रत्यक्ष चालताना पाहता येतात. स्वतंत्र विणकरांची घरंही गावात पुष्कळ आहेत. तिथे थेट घेताना मध्ये दुकान नाही म्हणून भाव निम्म्यावर पाडू नका. दुकानाचा वाटा सगळाच आपल्या खिशात आला तर विणकर होता तिथेच राहिला. दुकानातल्या भावाच्या पाऊण रक्कम दिलीत तरी दोघांचं भलं होतं.

आणि घेतल्यावर: पहिल्या तीन वेळा साडी वेगळी, गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर जरीच्या काठावर घडीच्या जागी धागा तुटतो.

*खादीचा कुडता घेतल्याने सूत कातणाऱ्या बाईला नेमकं किती मिळतं?* (मल्हारगंज)

सूत गुंडीवर मोजतात, एक गुंडी १,००० मीटरची. खादी आयोगाने ठरवलेला कताईचा दर २ ऑक्टोबर २०२४ पासून गुंडीला १२.५० रुपये झाला होता, पुढे तो आणखी वाढला. हिशेबापुरता तोच धरू. मध्यम जाडीच्या कुडत्याला सव्वादोनशे ग्रॅम कापड लागतं. सूत ३३ काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) असेल तर त्यात साधारण साडेबारा किलोमीटर धागा येतो, म्हणजे साडेबारा गुंड्या. कातणारीचे झाले दीडशेच्या वर थोडे. विणकराची मजुरी वेगळी.

घेताना खादी मार्क बघा, २०१३ च्या नियमांनी तो सक्तीचा आहे. 'पॉलीवस्त्र' लिहिलेलं असेल तर त्यात दोन-तृतीयांश पॉलिएस्टर असतं. कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि नेहमीपेक्षा पाव मीटर जास्त घ्या. न भिजवता शिवलेली खादी पहिल्याच धुण्यात बाह्यांना आखूड होते, आणि मग लोक खादीला नावं ठेवतात.

*कॉफी आणि चॉकलेटला पर्याय काय?* (पलासिया, खातीवाला टँक)

कॉफीचा भाव तुलनेला घेताना चिकोरी वजा करा. मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तिचं प्रमाण पुड्यावर लिहावं लागतं. ७०:३० च्या २०० ग्रॅम पुड्यात कॉफी १४० ग्रॅमच आहे. शुद्ध कॉफी महाग वाटते ती या कारणाने. अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी आंध्रची गिरिजन सहकारी संस्था विकते, ती ऑनलाइन मिळते. चिकोरीची सवय असलेल्याला शुद्ध कॉफी पातळ लागते. फिल्टरसाठी २० ग्रॅम पावडरीला १०० ते १२० मिलिलिटर उकळतं पाणी घ्या, पावडर हलकीच दाबा आणि किमान पंधरा मिनिटं उतरू द्या. फार दाबलीत तर डिकॉक्शन उतरतच नाही, अजिबात नाही दाबली तर दोन मिनिटांत पाणी खाली जातं.

फेअरट्रेडच्या किमान भावाबद्दल एकाने विचारलं आहे. धुतलेल्या अरेबिका कॉफीला तो ऑगस्ट २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर ठरला, आणि वर २० सेंट प्रीमियम. बाजार याच्या वर असेल तर बाजारभाव अधिक प्रीमियम मिळतो. किमान भावाचं खरं काम बाजार कोसळतो तेव्हा.

चॉकलेटचं दुखणं कोकोच्या शेतात आहे. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात, आणि तिथल्या कोकोच्या शेतीत २०१८-१९ मध्ये अंदाजे १५.६ लाख मुलं काम करत होती असं शिकागोच्या एनओआरसी संस्थेच्या पाहणीत निघालं. भारतात सोपा पर्याय आहे कॅम्पको: १९७३ साली मंगळूरला स्थापन झालेली सुपारी आणि कोको उत्पादकांची सहकारी संस्था, पुत्तूरला तिचा स्वतःचा चॉकलेट कारखाना आहे. फेअरट्रेडची खूण नसली तरी मालक शेतकरी आहेत. मागवायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपल्या एप्रिलमध्ये ते कुरिअरच्या गाडीतच सांडलेलं असतं. वितळून पुन्हा थिजलेल्या वडीवर पांढुरके डाग येतात. ती बुरशी नाही, कोकोची चरबी वर आलेली असते. तशी वडी शिऱ्यात, केकमध्ये खुशाल वापरा.

*दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतो. या वेळी देपालपूरकडच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यायचा आहे. भाव कसा ठरवावा? मागे एकदा थेट घेतलेल्या गव्हाला जुलैत सोंडे लागले होते.* (स्नेहलतागंज)

माळव्यातल्या घराला याहून सोपा फेअर ट्रेड दुसरा नाही. चौघांना महिन्याला २५ ते ३० किलो धरले तर वर्षाला तीन ते साडेतीन क्विंटल लागतो.

भावाचं असं करा. ज्या दिवशी सौदा ठरेल त्या दिवसाचा त्या जातीचा मंडीतला मधला भाव घ्या, सर्वांत वरचा नको आणि सर्वांत खालचाही नको. जात बघून घ्या: लोकवनचा आणि शरबतीचा भाव एक नसतो. त्यावर चाळणी, पोती आणि गाडीभाडं वेगळं मोजून द्या. मंडीत न्यावा लागत नसल्याने शेतकऱ्याचं भाडं आणि रांगेतला दिवस वाचतो खरा, पण तुमच्यासाठी तो गहू निवडून, भरून, दारात आणून देतो. हे काम फुकट धरलं की थेट खरेदीतली रास्ती संपली. खालची मर्यादा सरकारी भावाची ठेवा: २०२५-२६ च्या हंगामात आधारभूत किंमत २,४२५ आणि राज्याचा बोनस १७५, म्हणजे क्विंटलला २,६०० होती. त्याखाली मागू नका. वजन दोघांसमोर, पोत्याचं वजन वजा करून. तागाचं पोतं अर्ध्या किलोहून थोडं जास्त भरतं. पैसे वजनाच्या दिवशीच पूर्ण द्या. 'अर्धे आता, अर्धे पगार झाल्यावर' म्हणालात तर त्याने व्यापाऱ्यालाच द्यायचा होता, तोही तेच करतो.

सोंडे लागले ते बहुधा ओलाव्याने. दाणा दाताखाली घ्या, कट् आवाज येऊन तुटला पाहिजे. चेपला तर ओला आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा. गच्चीवर दोन बोटं जाडीचा थर करून दोन-तीन कडक उन्हं द्या, आणि मग सावलीत रात्रभर गार होऊ द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. तापलेला गहू संध्याकाळी लगेच कोठीत भरतात, आत वाफ धरते, वरच्या थराला ओल सुटते आणि पावसाळ्यात किडे. कोठी धुतलेली असेल तर तीही पूर्ण वाळवा. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवूनच घाला, ओला पाला घातला तर आपणच ओल आत नेली.

किडे मारायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणूच नका, कुणी कितीही सांगो. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत माणसं मारतो.

पुडीबंद डाळ, मसाले घेताना पाकिटावर नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' आहे का ते बघा. कायद्याने अशा कंपनीचे सभासद उत्पादकच असतात. त्यांना एवढंच विचारा: माल दिल्यावर सभासदांना वर्षाअखेरी बोनस वाटला का? उत्तर लगेच आलं तर कंपनी खरोखर चालते आहे.

*जंगली मध घेतला. थंडीत सगळा थिजला. भेसळ आहे का?* (पलासिया)

थिजणं हा भेसळीचा पुरावा नाही. बरणी कोमट पाण्यात, हात सहज बुडवता येईल इतक्या गरम, अर्धा तास ठेवा. थेट गॅसवर नको. पाण्यात थेंब टाकण्याच्या, काडी पेटवण्याच्या घरगुती परीक्षांनी साखरेच्या पाकाची भेसळ पकडता येत नाही, त्यांवर वेळ घालवू नका. वर फेस आला आणि आंबूस वास येऊ लागला तर मात्र पाणी जास्त आहे, मध आंबतो आहे. जंगली मधाला २०२० मध्ये किलोला २२५ रुपये आधारभूत किंमत ठरली. आपल्या राज्याच्या लघु वनोपज संघाचा मध 'विंध्य हर्बल्स' नावाने येतो.

*संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ६० वाणं लागतात. दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटतो. या वर्षी बाग प्रिंटचे बटवे द्यायचे आहेत. डिसेंबरात सांगितलं तर मिळतील?* (सुदामा नगर)

नाही मिळणार. मिळाले तर ते मशीनवर छापलेले असतील.

धार जिल्ह्यातल्या बागचं काम पाण्यावर आणि उन्हावर चालतं. कापड धुवायचं, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, तुरटीने लाल आणि लोहाने काळा असे ठसे मारायचे, ते पिकू द्यायचे, वाहत्या पाण्यात धुवायचं, मग भट्टीवर उकळायचं. पावसाळ्यात कापड वाळत नाही, काम अडकतं. दिवाळीची मागणीही याच सुमाराला अंगावर येते. म्हणून १४ जानेवारीसाठी सांगायचं ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि माल मागायचा १५ डिसेंबरला. मधले दिवस शिलाईला लागतात.

आधी दोन नमुने पैसे देऊन करून घ्या. माप, चेन की नाडी, अस्तर हवं की नको, हे नमुन्यावर ठरवून कागदावर लिहा. ६० नगांना निम्मी रक्कम आगाऊ द्या. डब्ल्यूएफटीओच्या तत्त्वांतही हस्तकलेसाठी मागितल्यास बिनव्याजी किमान ५० टक्के आगाऊ देण्याचं कलम आहे. कारागिराने कापड कर्ज काढून आणलं तर तुमच्या वाणाचं व्याज तो भरतो. काम सुरू झाल्यावर रंग बदलू नका. लाल रंगाची छटा दर भट्टीला थोडी वेगळी येते, त्यावरून माल परत करू नका, पण ठसा सरकला असेल किंवा शिवण उसवत असेल तर जरूर परत करा. बदलून द्यायला वेळ मिळावा म्हणून ६० ऐवजी ६४ सांगा.

बटव्यात एक चिठ्ठी घाला: 'पहिल्यांदा वेगळं धुवा, गार पाण्यात.' पहिल्या धुण्यात जास्तीचा लाल रंग सुटतो. मीठ घालून तो थांबत नाही, दोन-तीन पाणी बदलल्यावर आपोआप थांबतो.